माग सोलापूरचा, गाणं कुणाचं?

सोलापुरातली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर झालेल्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ‘स्वतंत्र रचना’ असा एक विभाग होता. नियमपत्रिकेत त्याबद्दल एकच वाक्य : रचना मूळ असावी. मूळ म्हणजे काय, हे लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. भावगीत, पोवाडा, फार तर एखादी गिटारवरची प्रेमकविता येईल, असाच आयोजकांचा अंदाज असावा. आलं ते इंडस्ट्रियल रॉक, म्हणजे यंत्रांच्या आणि फाटलेल्या आवाजांवर उभं राहिलेलं रॉक. पहिला क्रमांक जाहीर होताच तक्रार आली : ‘हे गाणं नाइन इंच नेल्सचं आहे, फक्त मराठीत.’ नाइन इंच नेल्स हा या प्रकारातला गाजलेला अमेरिकन बँड, ट्रेंट रेझ्नर त्याचा कर्ताधर्ता.

मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो आणि त्या विभागाच्या तीन परीक्षकांपैकी एक होतो. निकाल थांबवून गाण्याची तपासणी माझ्याकडे दिली गेली. पुढे जे झालं ते इथे मांडतो आहे. मुलं अजून शिकताहेत, म्हणून नावं देत नाही.

गाणं आणि तक्रार

बँड तिघांचा. लॅपटॉप आणि कीबोर्ड सांभाळणारा मुलगा विणकरांच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, बाहेर मराठी. गिटार वाजवणारी आणि गाणारी मुलगी जुळे सोलापूरची. तिसरा गणपतीत लेझीमच्या मंडळासमोर हलगी वाजवतो, एरवी ड्रम्स.

गाणं यंत्रमागाच्या आवाजाने सुरू होतं. कीबोर्डवाल्याचे मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या एका कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की हातात पाना घेऊन खाली शिरणारा माणूस. त्यांच्या ओळखीने मुलांनी रात्रपाळीत मोबाइलवर माग रेकॉर्ड केला. मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. मोबाइलच्या माइकला तो झेपत नाही, ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो. मुलांना नेमका तो फाटलेला आवाजच आवडला. त्यावर त्यांनी जाड किक, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका, घातली, सिंथवर खर्जातला बेस घातला. अंतरे कुजबुजल्यासारखे, मराठीत, तिसऱ्या पाळीबद्दल. ध्रुवपदात मुलगी किंचाळते आणि तो आवाज, मुद्दाम फाडणाऱ्या डिस्टॉर्शनमधून काढलेला : ‘आय ॲम द मशीन’. शेवटी सगळी वाद्यं एकेक गळून पडतात आणि पियानोची एक ओळ एकटी उरते.

तक्रार दुसऱ्या क्रमांकाच्या बँडची होती. त्यांच्या गिटारवाल्याने सभागृहाच्या पायऱ्यांवरच सुरुवात केली : ‘‘काय बे, ट्रेंट रेझ्नरनं ऐकलं तर केस टाकंल की तुमच्यावर.’’ कीबोर्डवाल्याचं उत्तर तयार होतं : ‘‘माग माझ्या मामाच्या कारखान्यातला आहे बे. रेझ्नरच्या गावात चादरी विणायलेत का?’’

या दोन वाक्यांतच वादाच्या दोन्ही बाजू आल्या. तक्रारदार म्हणत होता, ऐकू येतंय ते दुसऱ्याचं आहे. बँड म्हणत होता, आवाज आम्ही स्वतः जाऊन आणलाय, म्हणून गाणं आमचं. मला सुरुवातीपासून वाटत होतं की दोघेही चुकीच्या ठिकाणी बोट ठेवताहेत. पण वाटून भागत नाही. मी बँडकडून गाण्याचे सगळे ट्रॅक सुटे मागवून घेतले आणि एकेक ऐकायला बसलो.

सहपरीक्षकांबद्दल एवढंच : एका बाईंचं, त्या शास्त्रीय गायिका, म्हणणं होतं की या प्रकारातलं सगळंच त्यांना एकसारखं ऐकू येतं, तेव्हा त्यांनी मत देऊ नये. हा प्रामाणिकपणा मला आवडला. दुसरे गिटार शिकवतात. त्यांनी ऐकताक्षणी ‘बाद करा’ म्हटलं.

किकची वंशावळ

तक्रारीतला सगळ्यात नेमका मुद्दा किकचा होता. नाइन इंच नेल्सच्या १९९४ च्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’ या अल्बममध्ये ‘क्लोजर’ हे गाणं आहे. त्याची किक दबकी, फुसफुसणारी, एखादं यंत्र श्वास घेतंय अशी आहे. सोलापूरच्या गाण्यातली किक त्याच जातीची आहे, हे कानाला लगेच कळतं. तक्रारदार म्हणत होता, ती उचललेलीच आहे.

आता गंमत अशी की ‘क्लोजर’ची किक तरी रेझ्नरची कुठे आहे? ती इगी पॉप या अमेरिकन गायकाच्या १९७७ च्या ‘द इडियट’ या अल्बममधल्या ‘नाइटक्लबिंग’ गाण्यातून घेतलेली आणि मग बदललेली. ‘द इडियट’चा निर्माता ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी होता आणि त्या गाण्यातला ताल ड्रम मशीनचा होता. म्हणजे मूळ शोधत मागे गेलं तर शेवटी हाती लागतो कुठल्यातरी कारखान्यातल्या अभियंत्याने ठरवलेला विद्युत-मंडलाचा आवाज. त्याच वर्षीच्या बोवीच्या ‘लो’ या अल्बमचं ऋण रेझ्नर उघडपणे मानतो. पुढे १९९५ मध्ये बोवी आणि नाइन इंच नेल्स एकाच दौऱ्यावर होते. ज्याच्याकडून घेतलं तो शेजारी उभा राहून गातोय, आणि कुणी कुणाला चोर म्हणत नाहीय.

मी दोन्ही किक एकावर एक ठेवून पाहिल्या. जुळल्या नाहीत. स्वर जवळचा, शेपूट वेगळं, सुरुवातीचा ठोका वेगळा. उचलली असं सिद्ध होत नव्हतं. पण ‘मग आणली कुठून?’ असं विचारल्यावर बँडकडे उत्तर नव्हतं. एका मित्राच्या पेनड्राइव्हवर ‘इंडस्ट्रियल किक्स’ नावाचा फोल्डर होता, त्यातली घेतली. त्या मित्राला कुणी दिला, ते त्यालाही आठवत नव्हतं. सॅम्पलचे, म्हणजे आयत्या मुद्रित आवाजांच्या तुकड्यांचे, असे अनाथ फोल्डर आज प्रत्येक लॅपटॉपवर सापडतात. माझ्या मते किकचा हा खरा दोष होता : ती कुणासारखी आहे हा नव्हे, तर ती कुणाची आहे हे वापरणाऱ्यालाच माहीत नाही, हा. किक बदला, असं मी पहिल्याच बैठकीत सांगितलं. हलगीवाल्याने हलगीला ब्लँकेट गुंडाळून, माइक चामड्याला चिकटवून नवी किक करून दाखवली. ती जुनीपेक्षा चांगली निघाली.

बेसची ओळ

गिटारच्या सरांचा आक्षेप बेसला होता. ओळ अशी : सा, कोमल रे, सा, मग कोमल ग, पुन्हा सा. ‘हे किती गाण्यांत आहे, मी दाखवतो’, ते म्हणाले, आणि खरंच फोनवर एकामागून एक लावत सुटले. मी त्यांना म्हटलं, सर, तुम्ही माझं काम सोपं करताय. जी ओळ इतक्या जणांकडे सापडते, ती त्यातल्या कुठल्या एकाची म्हणायची? षड्जाला कोमल ऋषभ घासून ताण निर्माण करायचा, ही या प्रकारच्या संगीताची बाराखडी आहे. आपल्याकडे भैरवी गाणाऱ्याला कुणी विचारत नाही की हा कोमल रे कुठून आणलास.

अर्थात प्रत्येक ओळ इतकी सार्वजनिक नसते. १९८४ मध्ये किलिंग जोक या ब्रिटिश बँडचं ‘एटीज’ हे गाणं आलं. सात वर्षांनी निर्वाणा या अमेरिकन बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बममध्ये ‘कम ॲज यू आर’ आलं आणि त्यातली गिटारची ओळ ‘एटीज’च्या ओळीशी इतकी मिळतीजुळती निघाली की किलिंग जोकवाले दुखावले. ऐकणाऱ्यांनी पुढे असंही दाखवलं की ‘एटीज’च्याही आधी, १९८२ मध्ये, द डॅम्ड या बँडच्या ‘लाइफ गोज ऑन’मध्ये जवळजवळ तीच ओळ आहे. या भांडणाचा शेवट मला फार आवडतो : निर्वाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोल याने २००३ मध्ये किलिंग जोकच्या अल्बमवर ड्रम्स वाजवले.

तिथे निदान ओळखता येण्याजोगी एक धून होती. सोलापूरच्या बेसमध्ये तेवढंही नव्हतं. हा आक्षेप मी फेटाळला. सरांना ते पटलं नाही, आजही पटलेलं नाही.

ढाचा

मग राहिला गाण्याचा आराखडा. कुजबुजता अंतरा, किंचाळतं ध्रुवपद, मध्ये आवाजांचा ढीग रचत जाणं, शेवटी सगळं काढून घेऊन पियानोची एकटी ओळ. ‘क्लोजर’ पियानोवरच संपतं. इथे मात्र मला तक्रारदाराशी सहमत व्हावं लागलं. बँडने ते गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं आणि त्याची चौकट जशीच्या तशी उभी करून तिच्यात आपलं सामान भरलं होतं. मुलीने हे चटकन मान्य केलं. कीबोर्डवाल्याला वेळ लागला.

पण ही कबुली आरोप सिद्ध करणारी ठरते का? रेझ्नरने स्वतः सांगितलंय की त्याचं पहिलं सिंगल, १९८९ चं ‘डाउन इन इट’, हे स्किनी पपी या कॅनडातल्या बँडच्या ‘डिग इट’वरून सुचलं. त्याच वर्षी आलेला त्याचा पहिला अल्बम इंडस्ट्रियलला मोठ्या गर्दीपर्यंत घेऊन जाणारा ठरला. म्हणजे ज्याच्या मूळपणाचा दाखला देऊन सोलापूरच्या मुलांना झोडपायचं, त्याची सुरुवात दुसऱ्याच्या ढाच्यावर झालेली. फरक एवढाच की तो तिथे थांबला नाही. पाच वर्षांत ‘द डाउनवर्ड स्पायरल’पर्यंत पोचला.

गॅरी न्यूमन या ब्रिटिश गायकाचं उदाहरण आणखी वळणाचं आहे. त्याची १९७९ ची सिंथवरची गाणी ऐकून रेझ्नरची पिढी वाढली. नव्वदीत न्यूमनचं स्वतःचं संगीत जड, काळवंडलेलं होत गेलं, नाइन इंच नेल्सच्या वळणाचं. तिकडे नाइन इंच नेल्सने २००० मध्ये न्यूमनचं ‘मेटल’ गाऊन प्रसिद्ध केलं. यात कोण कुणाचा वारस?

आपल्याकडे ही चर्चा नवी असल्यासारखी होते, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’सारख्या नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या एखाद्या पदाचा उल्लेख छापलेला असे. १८८० च्या दशकातला प्रेक्षक ते वाचून ‘ही तर उसनी चाल’ म्हणून उठून जात नव्हता. त्या चालीवर नवं पद कसं बसवलंय, ते ऐकायला बसत होता. मी बँडला सुचवलं की गाण्याच्या माहितीत एक ओळ घाला : ढाचा अमुक गाण्यावरून. मुलगी तयार झाली. कीबोर्डवाला म्हणाला, ‘‘सर, मग लोक गाणं ऐकणारच नाहीत, फक्त तेवढंच शोधत बसतील.’’ त्याचंही खोटं नव्हतं.

‘माग आमचा’

आता बँडच्या बाजूचा हुकमी एक्का. आम्ही कारखान्यात जाऊन यंत्राचा आवाज आणला, असं कुणी केलंय का?

केलंय. फार पूर्वीपासून केलंय. लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकाराने १९१३ मध्ये जाहीरनामा लिहून सांगितलं की कारखाने आणि शहरं यांचा गोंगाट हेच पुढचं संगीत. पिएर शेफेरने १९४८ मध्ये पॅरिसच्या रेल्वे स्थानकात इंजिनं रेकॉर्ड करून त्यांचे तुकडे जोडून रचना केली. १९७६ मध्ये लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या गटाने ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ नावाची कंपनी काढली आणि प्रकाराला नावच मिळालं. पोलादाच्या शेफील्डमध्ये कॅबरे व्होल्टेअर टेपचे तुकडे करत होते. १९८० मध्ये बर्लिनमध्ये आइन्स्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन सुरू झाले. ते मंचावर पत्रे, स्प्रिंगा आणि ड्रिल मशीन वाजवत. १९८३ च्या अल्बमसाठी डेपेश मोड या ब्रिटिश पॉप बँडने बांधकामांच्या जागी, भंगारात जाऊन लोखंडावर ठोके मारून आवाज गोळा केले आणि त्यांची सुरेल पॉप गाणी केली. सोलापूरचा माग या रांगेत शेवटचा.

हलगीबद्दलही तेच. हलगी घातली म्हणजे गाणं आपलं झालं, अशी एक समजूत आहे. परदेशी ढाच्यावर देशी वाद्याची फोडणी दिली की मूळपणाचं प्रमाणपत्र मिळत नाही. हलगीने तिथे काय केलं, हे पाहावं लागतं. किकच्या जागी आल्यावर तिने काम केलं; पहिल्या आवृत्तीच्या शेवटी ती नुसती हजेरी लावायला आली होती.

मागाच्या आवाजाचं मुलांनी काय केलं होतं? इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण इथे खरी गोष्ट लपली होती. बँडने मागाचा ट्रॅक ‘क्वांटाइझ मारून’ सरळ केला होता. प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरच्या चौकटीत नेमक्या अंतरावर बसवलेला. सरळ झाल्यावर तो कुठल्याही सॅम्पल पॅकमधल्या यंत्रासारखा वाजत होता.

मी कीबोर्डवाल्याला म्हटलं, मामांना घेऊन ये. ते आले, हेडफोन लावला, थोडा वेळ ऐकलं आणि काढून ठेवला. ‘‘हा आमचा माग नाही की.’’

भाचा म्हणाला, ‘‘मामा, तुमच्यासमोरच तर रेकॉर्ड केलाव.’’

‘‘असेल. पण असा माग चालत नाही बाबा. असा सरळ चालला असता तर मला पगार कशाला दिले असते?’’

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मूळ, न सुधारलेलं रेकॉर्डिंग लावून मी ते त्यांच्या बरोबर ऐकलं. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन फिरणारी नळी, डावीकडून मारला जातो तो ठोका आणि उजवीकडून परत येतो तो ठोका एकसारखा नसतो. दोन्ही बाजूंच्या मारांत थोडा फरक राहतोच, झीज वेगवेगळी असते. त्यामुळे चाल किंचित लंगडी. मधे फणी ठोकते, तो वेगळा आवाज. चादरीत रंग बदलायचा झाला की धोट्याची पेटी खालीवर होते, तेव्हा एक जादा खडखडाट मिसळतो. वर जेकार्ड आहे, नक्षीसाठी दोरे उचलणारं यंत्र. पंचकार्डाप्रमाणे तो कधी थोडे दोरे उचलतो, कधी पुष्कळ, आणि त्याप्रमाणे त्याचा आवाज हलका-जड होतो. कार्डांची माळ संपली की नक्षी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे एका चादरीच्या नक्षीचा स्वतःचा एक लांबलचक आवर्तनाचा ताल आहे, आणि तो दुसऱ्या नक्षीचा नाही. मामांना तार तुटली की शेडच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून कळतं, ते याच फरकांमुळे.

या सगळ्या गोष्टी मुलांच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये होत्या. त्यांनीच त्या पुसल्या. का? तर त्यांच्या कानात यंत्र म्हणजे काटेकोर, निर्विकार, न चुकणारं असं बसलेलं होतं. ही कल्पना सोलापूरची नाही. ती ड्रम मशीनच्या संगीताची आहे, क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडपासून चालत आलेली. किक उसनी घेतली असो वा नसो, यंत्र कसं वाजतं ही कल्पना उसनी होती, आणि समोर खरं यंत्र असताना त्याला त्या कल्पनेत बसवण्यात आलं. मला या प्रकरणात सापडलेली सगळ्यात मोठी नक्कल ही. तक्रारदाराच्या पत्रात तिचा उल्लेखही नव्हता.

दुसरी नक्कल ध्रुवपदात होती. मामांनी ‘आय ॲम द मशीन’चा अर्थ विचारला. मुलीने सांगितला. त्यावर ते हसले : ‘‘मी कशाला यंत्र? यंत्र ते आहे. मी त्याला चालवायलोय.’’

माणूस यंत्र झाला, ही तक्रार पश्चिमेतल्या इंडस्ट्रियल संगीताच्या पोटात आहे, आणि ती तिथे खरी होती. पण तीच भीती सोलापूरच्या कारखान्याला चिकटवता येत नाही. या शहराच्या आठवणीत भीती आहे ती यंत्र थांबण्याची. १८७० च्या दशकात सुरू झालेली जुनी मिल बंद पडली. नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, एकेक करत बंद पडल्या. ज्या भोंग्यावर घराघरातलं स्वयंपाकाचं वेळापत्रक ठरायचं ते भोंगे गेले. यंत्रमागावर मजुरी बहुतेक ठिकाणी कामावर, नगावर मिळते; वीज गेली, सूत आलं नाही, मंदी आली की माग थांबतो आणि त्याबरोबर त्या दिवसाचे पैसे थांबतात. पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत दुपारी माग वाजत नसतील तर माणसं दारात येऊन विचारतात, काय झालं. जिथे गोंगाट म्हणजे चूल पेटलेली आहे, तिथे गोंगाटाविरुद्ध किंचाळणारं ध्रुवपद परगावाहून आल्यासारखं वाटणारच.

हे मी मुलीला सांगितल्यावर ती थोडी चिडली. तिचं म्हणणं : कारखान्यात काम करणाऱ्यालाच कारखान्यावर गाता येतं का? मग शेफील्ड आणि लंडनच्या त्या पोरांपैकी किती जण भट्टीवर होते? हा प्रश्न बरोबर होता. थ्रॉबिंग ग्रिसलची मंडळी कलादालनांतून आली होती, पोलाद कारखान्यातून नव्हे. गाण्यासाठी जॉबर असायची गरज नाही. फक्त दुसऱ्याची भीती आपली म्हणून गाताना ती आपल्या गावात कुठे राहते हे एकदा पाहून यावं, इतकंच माझं म्हणणं होतं.

कायदा, थोडक्यात

तक्रारीत ‘केस’ हा शब्द आला होता म्हणून एवढं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क आहेत. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग कापून घेणं आणि दुसऱ्याच्या शैलीत स्वतः वाजवणं या दोन गोष्टी त्यामुळे वेगळ्या ठरतात. कल्पना, विषय, ढाचा यांवर कुणाचा हक्क नसतो, हक्क असतो तो त्यांच्या मांडणीवर; सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद प्रकरणात हे स्पष्ट केलं. तो खटला नाटक आणि चित्रपट यांच्यातला होता, पण तत्त्व गाण्यालाही लागू पडतं.

सॅम्पलच्या बाबतीत बोधप्रद खटला जर्मनीतला आहे, आणि योगायोगाने तोही लोखंडाच्या आवाजाचा. क्राफ्टवेर्कच्या १९७७ च्या ‘मेटाल आउफ मेटाल’मधला धातूच्या ठोक्यांचा दोनेक सेकंदांचा तुकडा मोझेस पेल्हाम या निर्मात्याने १९९७ मध्ये एका रॅप गाण्याखाली फिरता ठेवला. खटला दोन दशकांहून जास्त चालला. २०१२ मध्ये एक निकाल असा आला की तो आवाज स्वतः तयार करणं शक्य असताना कापून घेणं योग्य नाही. २०१६ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने कलास्वातंत्र्याच्या बाजूने कौल देऊन प्रकरण परत पाठवलं. २०१९ मध्ये युरोपियन न्यायालयाने म्हटलं की अगदी छोटा तुकडा घेणंही निर्मात्याच्या हक्कात येतं, मात्र तो कानाला ओळखू येणार नाही इतका बदललेला असेल तर नाही. गिटारच्या सरांनी हे ऐकून विचारलं, ‘‘म्हणजे चांगलं लपवलं की माफ?’’ हसायला आलं, पण वकिलांनीही हा प्रश्न विचारला असेल.

रेझ्नरबद्दल मुलांना वाटणारी धास्तीही मी थोडी कमी केली. २००८ मध्ये नाइन इंच नेल्सने ‘घोस्ट्स’ हा वाद्यसंगीताचा मोठा संच क्रिएटिव्ह कॉमन्स या इतरांना वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली, बिगरव्यावसायिक वापरासाठी खुला केला होता. त्यातल्या एका तुकड्यावर एका तरुण निर्मात्याने बीट बनवली, तिच्यावर लिल नॅस एक्स या अमेरिकन रॅपरने ‘ओल्ड टाउन रोड’ केलं आणि २०१९ मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. रेझ्नर आणि त्याचा साथीदार ॲटिकस रॉस यांची नावं गीतकारांत लागली. त्यांनी खटला भरला नाही, श्रेय घेतलं.

निकाल आणि नंतर

आम्ही बँडला बाद केलं नाही. पहिला क्रमांकही ठेवला नाही. मूळपणाच्या रकान्यातले गुण कमी केल्यावर ते दुसरे आले आणि तक्रारदार पहिले. दोन्ही बाजू नाराज. गिटारच्या सरांच्या मते शिक्षा अपुरी होती. गायिका परीक्षकांनी शेवटी मत दिलं, आणि कारण असं दिलं की मागाचं न सुधारलेलं रेकॉर्डिंग त्यांनी ऐकलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा त्या गाण्यात लय सापडली.

नियमपत्रिकेतलं वाक्य आता बदललंय. पुढच्या वेळी प्रत्येक बँडने तीन गोष्टी लिहून द्यायच्या : कोणते आवाज कुठून घेतले, कोणत्या रचनेचा ढाचा वापरला असेल तर तो, आणि स्वतः घेतलेला एक निर्णय जो त्या प्रकारात सहसा घेतला जात नाही. तिसऱ्या कलमावर आयोजकांशी बराच वाद झाला. मी ते सोडलं नाही.

बँडने गाणं पुन्हा केलं. माग सरळ केला नाही. उलट हलगीवाल्याने त्याच्या लंगड्या चालीवर आपला हात बसवला, आणि त्याला ते जड गेलं, कारण माग कुणासाठी थांबत नाही. इंग्रजी ध्रुवपद गेलं. आता जिथे किंकाळी यायची तिथे माग थांबतो. तेवढ्या मात्रा पूर्ण शांतता, फक्त मुलीचा श्वास, आणि मग खटका ओढल्याचा आवाज येऊन पुन्हा सगळं सुरू. हा निर्णय माझ्या माहितीत त्यांचाच. गाणं म्हणून पहिली आवृत्ती जास्त पकड घेणारी होती, हे खरं. दुसरीत मधला भाग रेंगाळतो आणि शेवटचा पियानो त्यांनी हट्टाने ठेवलाय, तो अजूनही ‘क्लोजर’चा आहे. मी सांगितलं. मुलगी म्हणाली, ‘‘असू दे की सर, तेवढं राहू दे.’’

श्रेयनामावलीवर अजून एकमत नाही. ढाच्याची ओळ घालायचं ठरलंय. मामांनी स्वतःचं नाव घालू नका म्हटलं, कारण रात्रपाळीत मोबाइल आत नेल्याचं मालकाला कळेल. मग मालकालाच विचारलं. त्याची हरकत काहीच नव्हती, अट मात्र होती : कारखान्याचं नाव आणि फोन नंबर व्हिडिओच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत पाहिजे, आणि खाली ‘होलसेल भाव’ असंही. कीबोर्डवाला तयार आहे. मुलगी नाही. हलगीवाला म्हणतो, चादर फुकट मिळत असेल तर विचार करू.